कंबर का दुखते?



दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, असे आपल्याकडे म्हणतात. कंबरदुखीचे मात्र पुष्कळदा उलटे असते. ती येतेच मुंगीच्या पावलाने. आज थोडी, उद्या थोडी. येते तेव्हा कळत नाही. कळते तेव्हा ती घर करून बसलेली असते.

आमच्या शेजारी एक अक्का राहतात. दोन एकर जिरायत जमीन, दोन शेळ्या, बाकी सगळा भरवसा रोजगारावर. खुरपणीत त्यांचा हात धरणारे गावात कोणी नाही. बायकांची पात लागली की अक्का चार हात पुढेच असायच्या. एका श्रावणात त्या भिंतीला धरून धरून आमच्या ओट्यावर आल्या. हातात एक कागद आणि क्ष-किरणाचा काळा फोटो.

"गुरुजी, एवढं वाचून द्या. मणक्यात गॅप हाय म्हणत्यात. काम बंद करा, पडून ऱ्हावा म्हणत्यात. तीन आठवडं झालं पडून हाय. दुखणं तिथंच, आन् रोजगार बुडाला. आता शेळ्या इकू का? आन् मी खुरपं धरायचं का न्हाई, तेवढं सांगा."

आम्ही डॉक्टर नव्हे. तसे आम्ही त्यांना सांगितले. पण प्रश्न मनाला लागला. खुरपे सुटले तर अक्कांची चूल कशी पेटणार? मग आम्ही त्यांच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो, डॉक्टरांना विचारले, पुस्तके वाचली. जे समजले ते अक्कांना सांगितले. तेच आज तुम्हाला सांगतो. कारण हे दुखणे एकट्या अक्कांचे नाही. २०२० साली साऱ्या जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. म्हणजे दुखणाऱ्या कमरा आपल्याच गावात आहेत असे नाही.

पाठीचा कणा

आधी कणा म्हणजे काय ते पाहू. आपल्या पाठीला हात लावा. मधोमध हाडांची रांग लागते. ते मणके. माळेत मणी ओवावे तसे ते एकावर एक बसलेले आहेत. मानेत ७, छातीमागे १२ आणि कमरेत ५. त्यांच्या खाली त्रिकास्थी आणि माकडहाड. कण्याला पुढेमागे बाक असतो. मानेत थोडा पुढे, छातीमागे मागे, कमरेत पुन्हा पुढे. हा बाक देवाने उगीच दिलेला नाही. त्याच्यामुळे धक्का सोसतो.

दोन मणक्यांच्या मध्ये एकेक गादी असते. बाहेरून दोरखंडाच्या वेढ्यासारखी चिवट आणि आत लिबलिबीत गर. या गाद्या आहेत म्हणून आपण वाकतो, वळतो, उडी मारतो.

या गादीची एक गंमत आहे. मोठ्या माणसाच्या गादीच्या आतवर रक्ताची नळी जात नाही. मग तिला अन्नपाणी कसे मिळते? भाकरी थापताना बाजूला ओले फडके असते ना? दाबले की त्यातले पाणी बाहेर, सोडले की पाणी आत. गादीचे तसेच आहे. आपण चाललो, वाकलो, सरळ झालो की गादी दाबली जाते आणि सुटते. त्यातूनच तिला पोषण मिळते. म्हणजे हालचाल हेच गादीचे जेवण!

पटत नसेल तर घरीच पाहा. सकाळी उठल्याबरोबर दाराच्या चौकटीला टेकून उभे राहा आणि डोक्याशी कोळशाने खूण करा. दिवसभर काम करा. संध्याकाळी पुन्हा तिथेच उभे राहा. सकाळची उंची एक ते दोन सेंटिमीटर अधिक भरते. दिवसभराच्या भाराने गाद्या दबल्या. रात्री आडवे झालो की त्या पुन्हा पाणी शोषून फुगतात. म्हणून उठल्याबरोबर, अंग मोकळे व्हायच्या आत, वाकून जड ओझे उचलू नये. आधी चूळ भरा, चहा घ्या, चार पावले चाला, मग पोत्याला हात घाला.

ओझे किती आणि किती लांब

आता एक छोटा प्रयोग करा. पाण्याने भरलेला तांब्या घ्या. छातीशी धरून उभे राहा. काही वाटत नाही. आता तोच तांब्या हात ताठ करून पुढे धरा. शंभर आकडे मोजा. हात भरून येतो. तांब्या तोच, पाणी तेवढेच. मग जड कशाने झाला? तो लांब गेला म्हणून.

कमरेचेही तसेच आहे. ओझे उचलताना ते पेलण्यासाठी पाठीचे स्नायू मागून ओढतात. ते मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. समजा, १० किलोची घागर तुम्ही मणक्यापासून ५० सेंटिमीटर लांब धरलीत. म्हणजे घागर दहापट लांब. ती पेलायला स्नायूंना १० किलोने भागत नाही, सुमारे १०० किलोची ओढ द्यावी लागते. तीच घागर पोटाशी घेतली, म्हणजे २० सेंटिमीटरवर आणली, की ती ओढ ४० किलोवर येते. यात आपल्या वाकलेल्या धडाचे वजन आम्ही धरलेलेच नाही. तेही वर असतेच. पहारीने धोंडा हलवणाऱ्या गड्याला हा हिशेब सांगायला नको. त्याला ठाऊक असते की पहार जितकी लांब धरावी तितका जोर अधिक.

स्वीडनमधील डॉक्टर आल्फ नॅकेमसन यांनी १९६० नंतरच्या काळात जिवंत माणसाच्या कमरेच्या गादीत बारीक सुई घालून आतला दाब मोजला. माणूस आडवा पडला की दाब सगळ्यांत कमी. उभा राहिला की वाढला. पुढे वाकून हातात वजन घेतले की फार वाढला. तराजूने जे सांगितले तेच सुईने सांगितले.

यावरून उचलण्याची रीत काय?

ओझ्याच्या अगदी जवळ जा. पाय थोडे फाकवा. गुडघे वाकवा. ओझे अंगाशी घ्या. मग पायांच्या जोराने उठा. हिसका देऊ नका. वळायचे असेल तर कमरेतून पीळ देऊन वळू नका, पावले टाकून वळा. पोते उचलून तसेच बाजूला फेकणे हे फार वाईट. त्यात वाकणेही आले आणि पीळही आला.

आणि ओझे झेपणारे नसेल तर? तर दुसऱ्याला हाक मारा. त्यात कमीपणा नाही. पूर्वी क्विंटलचे पोते एकटा हमाल पाठीवर वाहायचा आणि त्याची फुशारकी सांगायचा. त्या फुशारकीची किंमत त्याच्या कमरेने आणि गुडघ्यांनी दिली. १९६७ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने शिफारस केली की एका प्रौढ पुरुषाने वाहायचे ओझे ५५ किलोहून अधिक असेल, तर ते लवकरात लवकर तेवढ्यावर आणावे. आपल्या महाराष्ट्रात डोक्यावर, पाठीवर ओझे वाहणाऱ्यांसाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला. ओझे वाहणारे शरीर हेच त्या माणसाचे भांडवल आहे, आणि भांडवल जपावेच लागते.

वाकणे वाईट नाही, वाकून राहणे वाईट

येथे एक गैरसमज काढला पाहिजे. पूर्वी आम्हीही शाळेत मुलांना सांगायचो, "ताठ बसा! वाकू नका!" पोरे ताठ बसायची आणि दहा मिनिटांत अवघडायची. आता जाणते लोक सांगतात की एकच एक उत्तम बैठक अशी नसतेच. ताठ बसणे चांगले, पण तासभर ताठच बसणे चांगले नाही. वाकणेही वाईट नाही. कणा वाकण्यासाठीच केलेला आहे. वाईट आहे ते तासन् तास एकाच तऱ्हेने राहणे.

मांडी घातली, थोड्या वेळाने पाय लांब केले, मग उकिडवे बसलो, मग उठलो. ही आपली जुनी जमिनीवर बसण्याची पद्धत चांगली आहे. अंग आपोआप हलते. गुडघे दुखत असतील त्यांनी मात्र उकिडवे फार वेळ बसू नये. पाटावर किंवा चौरंगावर बसावे.

फाळ जमिनीत चालतो तेव्हा चकाकतो. कोपऱ्यात पडला की गंजतो. पण त्याच फाळाने एकाच दगडावर दिवसभर घाव घातले तर तो बोथट होतो. शरीराचे दोन्ही अंगांनी तसेच आहे. गंजू देऊ नये आणि एकाच जागी झिजू देऊ नये.

आता अक्कांच्या कामाचा विचार करा. खुरपणीत बाई कमरेत वाकते ती सकाळपासून दुपारपर्यंत. भात लावणीत चिखलात तेच. ऊसतोडीत वाकून कोयता चालवायचा आणि मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे. कापूस वेचताना पुढे ओटीत भार आणि पाठ वाकलेली. पाठ आणि कंबर सरळ व्हायची संधीच नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोरांना वाटते, आपल्याला काय, आपण बसून काम करतो. पण ट्रॅक्टरचे हादरे तासन् तास कण्यात जातात, आणि मागे वळून नांगराकडे पाहताना कंबरेला पीळ बसतो. त्यांच्यातही कंबरदुखी पुष्कळ. आणि मोबाइल पाहणारे आहेतच. माणसाचे डोके चार-पाच किलोचे असते. ते तासभर पुढे लोंबकळत ठेवले की मान बोलणारच.

आखूड दांड्याची गोष्ट

आता दूर देशाची एक खरी गोष्ट सांगतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तेथे भाजीपाल्याची आणि बीटची मोठमोठी शेते आहेत. तेथील मजूर, त्यांतले बरेचसे मेक्सिकोतून आलेले, विरळणी आणि खुरपणी एका आखूड दांड्याच्या कुदळीने करीत. दांडा केवढा? वीतदीड वीत ते फार तर दोन फूट. त्यामुळे माणसाला दिवसभर कमरेत मोडून काम करावे लागे. मजूर त्या अवजाराला आपल्या भाषेत 'एल कोर्टितो', म्हणजे आखुडले, असे म्हणत.

लांब दांडा का नाही दिला? मालक म्हणत, लांब दांड्याने रोप नीट दिसत नाही, पिकाचे नुकसान होते. मजूर म्हणत, खरे कारण दुसरेच आहे. सगळे वाकलेले असले म्हणजे जो पाठ सरळ करायला उभा राहील तो मुकादमाला लांबूनच दिसतो. उभा माणूस म्हणजे कामचुकार, असा हिशेब! शेतमजुरांचे मोठे पुढारी सीझर चावेझ यांनी लहानपणी स्वतः या अवजाराने काम केले होते, आणि त्यांना पाठीचे दुखणे होते.

शेवटी मजुरांनी दाद मागितली. डॉक्टरांनी साक्ष दिली की या अवजाराने कणा कायमचा बिघडतो. सरकारी खात्याचे म्हणणे असे की, असुरक्षित अवजार म्हणजे तुटके, मोडके अवजार. हे तर धडधाकट आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे मानले नाही. अवजार मोडके नसले तरी ते वापरून माणूस मोडत असेल तर ते असुरक्षितच, असा त्या निकालाचा अर्थ. त्याच वर्षी आखूड दांड्यावर बंदी आली. मजुरांच्या हाती लांब दांडा आला. भाजीपाला पिकायचा थांबला नाही.

ही गोष्ट आम्ही का सांगितली? कंबर दुखली की आपण म्हणतो, माझे नशीब, माझे वय. पण कित्येकदा दोष नशिबाचा नसतो, दांड्याचा असतो. आपल्याकडेही लांब दांड्याचे खुरपे मिळते. ओळीत पेरलेल्या पिकात चालवायचे सायकल कोळपे मिळते. ते उभ्याने ढकलता येते. भाताच्या ओळीतून ढकलायचे हातकोळपे असते. रोपाच्या अगदी बुडाशी हातखुरपे लागतेच, पण दोन ओळींमधले निम्मे काम तरी उभ्याने होते. लोहाराकडून फावड्याला, खुरप्याला आपल्या उंचीचा दांडा बसवून घ्या. खर्च थोडा, आयुष्यभराचा आराम.

पडून राहू नका

आता उसण भरण्याविषयी. वाकलो आणि एकदम कमरेत कळ आली, सरळ होता येईना. त्याला आपण उसण भरली म्हणतो. मग कोणी पायाळू माणसाला बोलावतात. तो कमरेला लाथ लावतो. दोन-चार दिवसांत बरे वाटते, आणि श्रेय पायाळूला जाते. खरी गोष्ट अशी की बहुतेक उसण आपली आपणच बरी होते. कित्येकांना काही दिवसांत आणि बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. पायाळू न येताही पडतो. लाथ हळू असेल तर हरकत नाही, जोरात असेल तर मात्र एकाची दोन दुखणी व्हायची!

पूर्वी डॉक्टरही सांगत, पडून राहा. आता तसे सांगत नाहीत. १९९५ साली फिनलंड देशातल्या हेलसिंकी शहरातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नगरपालिकेच्या कंबर धरलेल्या १८६ नोकरांचे तीन गट केले होते. एका गटाला दोन दिवस अंथरुणात झोपवले. दुसऱ्याला कमरेचे व्यायाम दिले. तिसऱ्याला सांगितले, झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवा. लवकर बरे कोण झाले? तिसरा गट. झोपून राहिलेले सगळ्यांत मागे पडले.

असे का व्हावे? पडून राहिले की स्नायू लवकर दुबळे होतात, सांधे आखडतात, गादीचे जेवण बंद होते आणि मनात भीती बसते. भीती बसली की माणूस अंग चोरतो. अंग चोरले की आणखी आखडते. अक्कांचे तीन आठवडे असेच गेले होते.

म्हणून कंबर धरली तर पहिले एक-दोन दिवस जड काम सोडा, पण घरात हिंडा-फिरा. गरम पाण्याच्या पिशवीने शेका. थोडे थोडे चाला. मग रोज थोडे काम वाढवा. हलताना थोडे दुखले म्हणजे काही मोडले असे नाही. बरे झाल्यावरही चालणे सोडू नका. ऑस्ट्रेलियात ७०१ माणसांवर केलेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून बरे झालेल्यांपैकी एका गटाला हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, अर्ध्या तासापर्यंत चालायला लावले. दुसऱ्या गटाला काही सांगितले नाही. न चालणाऱ्यांपैकी निम्म्यांना ११२ दिवसांत दुखणे परत आले. चालणाऱ्यांत तेवढे व्हायला २०८ दिवस लागले. चालायला पैसे पडत नाहीत.

'गॅप' आणि गोळ्या

अक्का घाबरल्या त्या 'गॅप' या शब्दाला. त्यांना वाटले, मणके सुटे झाले, आता वाकलो की कणा निखळणार. तसे नसते. वय वाढले की केस पिकतात, तशा गाद्या पातळ होतात. ज्यांचे काहीच दुखत नाही अशा कित्येकांचे फोटो काढले तरी त्यांच्यात हे बदल दिसतात. सरकलेली गादी पुष्कळदा आपली आपण आकसते. म्हणून फोटोला भिऊ नका. साध्या कंबरदुखीला फोटोची गरजही नसते. आणि ऑपरेशन फार थोड्यांना लागते. कोणी घाईने सांगितले तर दुसऱ्या चांगल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय शेळी, जमीन, दागिना विकू नका.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. दुकानातून सुट्या पुडीत, नाव नसलेल्या गोळ्या घेऊन रोज खाऊ नका. दुखण्याच्या गोळ्या पुष्कळ दिवस खाल्ल्या तर पोटात व्रण होतो, मूत्रपिंडे बिघडतात. काही पुड्यांत स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवस जादू झाल्यासारखे वाटते, पण पुढे हाडे ठिसूळ होतात आणि साखर वाढते. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, थोडे दिवस.

२०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात दुखण्याची नीट माहिती देणे आणि व्यायाम यांवर भर आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून कणा ताणणे यांची नेहमीसाठी शिफारस केलेली नाही. आणखी एक ध्यानात घ्या. झोप नीट नसली, डोक्यावर कर्ज असले, घरात चिंता असली तर तीच कंबर अधिक दुखते. हे सोंग नव्हे. मन आणि शरीर एकाच गाडीचे दोन बैल आहेत. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांतही कंबरदुखी अधिक आढळते. तेव्हा घरच्या माणसांनी 'काम नको म्हणून दुखतंय' असे म्हणू नये. दोन गोड शब्द बोलावे आणि पाण्याचा एक हंडा आपणही आणावा.

डॉक्टरकडे केव्हा धावावे

बहुतेक कंबरदुखी साधी असते. पण पुढची लक्षणे दिसली तर घरी थांबू नका.

लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला. बैठकीची जागा, मांड्यांची आतली बाजू बधिर झाली. पायातली शक्ती जाऊ लागली, पाऊल लटके पडू लागले. ही तीन लक्षणे असतील तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. उशीर केला तर कायमचे अपंगत्व येते.

पडल्यावर किंवा अपघातानंतर दुखू लागले, दुखण्याबरोबर ताप आहे, वजन उतरते आहे, रात्री आडवे पडल्यावरही दुखणे राहत नाही, पूर्वी कर्करोग झालेला आहे, तरीही लवकर दाखवा. मणक्याचा क्षयसुद्धा असतो, आणि वेळेवर औषध घेतले तर तो बरा होतो.

अक्कांचे पुढे काय झाले

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी अक्कांचे पाय तपासले, बधिरपणा विचारला आणि म्हणाले, "आजी, कणा शाबूत आहे. उद्यापासून चाला. पंधरा दिवसांनी खुरपं धरा, पण माझं एक ऐका. वाकून राहू नका."

अक्का रोज ओढ्यापर्यंत चालू लागल्या. आधी थोडे, मग अधिक. पंधरा दिवसांनी पातीवर गेल्या. पण अडचण अशी की त्या मध्येच उभ्या राहिल्या की शेतमालक बांधावरून ओरडायचा. "अक्का, रोजगार पुरा घेता, आन् उभं काय ऱ्हाता?"

त्या संध्याकाळी आम्ही त्या मालकाला आमच्या ओट्यावर बसवले. आमचाच जुना विद्यार्थी तो. त्याला कॅलिफोर्नियाची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. नुसता जमिनीकडे पाहत होता. मग म्हणाला, "गुरुजी, माझी आईपण खुरपून खुरपून वाकली हो. मरेपर्यंत सरळ झाली न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या शेतात नियम झाला. पातीचे टोक आले की सगळ्या बायकांनी उभे राहायचे, कमरेवर हात ठेवून हळूच मागे कलायचे, चार-पाच वेळा, आणि पाण्याचा घोट घ्यायचा. तासाभराने काम बदलायचे. वाकणारीने तण वेचून बांधावर टाकायचे आणि तण टाकणारीने खुरपे घ्यायचे. पुढच्या हंगामात त्याने एक सायकल कोळपेही आणले. कामाला काही खोट आली नाही, हे तो आता स्वतःच चारचौघांत सांगतो.

अक्कांची कंबर पूर्ण बरी झाली का? खोटे कशाला सांगावे? अजूनही अधूनमधून दुखते. ढगाळ हवा आली की त्या कुरकुरतात. पण त्या भीत नाहीत. पडून राहत नाहीत. चार दिवस हळू घेतात आणि पुन्हा पातीवर जातात. शेळ्या दावणीलाच आहेत. आता दोनाच्या पाच झाल्या आहेत.

ध्यानात ठेवा

१. एकाच तऱ्हेने फार वेळ राहू नका. अर्ध्या-पाऊण तासाने अंग मोकळे करा.

२. ओझे अंगाशी धरा. हिसका नको, पीळ नको. जड असेल तर दोघांनी उचला.

३. घागर एकाच कमरेवर रोज नको. बाजू बदला. डोक्यावर घेताना खाली चुंबळ घ्या आणि चढवायला-उतरवायला दुसऱ्याची मदत घ्या.

४. अवजाराला आपल्या उंचीचा दांडा बसवा.

५. कंबर धरली तरी अंथरूण धरू नका.

६. नाव नसलेली गोळी खाऊ नका. 'गॅप' शब्दाला भिऊ नका.

७. लघवी अडली, पाय बधिर किंवा लुळा वाटला तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि शेवटी मालक मंडळींना एक विनंती. तुमच्या शेतात कोणी बाई पाठ सरळ करायला क्षणभर उभी राहिली तर ओरडू नका. ती काम चुकवत नाही. ती उद्याच्या कामासाठी कंबर राखते आहे.